प्रकल्प नोंदी: रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराची वेबसाइट, जानेवारी ते जून २०२५

६ जानेवारी, सोमवार

काम ठरलं. रत्नागिरीजवळची बाग, जोडीला आमरस आणि कोकम आगळाचं घरगुती युनिट. साइटवर हापूसच्या पेटीची आगाऊ नोंदणी हवी, आमरस-आगळाची विक्री वर्षभर हवी आणि पैसे ऑनलाइन यायला हवेत. पोच फक्त मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पुणे. पाडवा ३० मार्चला आहे. त्यानंतर बागेत, पॅकिंगला किंवा फोनवर कुणाचाच हात रिकामा नसतो. म्हणून २२ मार्चला साइट गोठवायची. पुढे फक्त साठा आणि भाव बदलायचे.

सध्या आहे ती वर्डप्रेसची साइट. ३१ प्लगइन (जोडीला बसवलेले छोटे प्रोग्राम), मुखपृष्ठ ११ एमबी, बॅकअप नाही. साइट जिच्यावर चालते त्या पीएचपी भाषेची ७.४ आवृत्ती चालू आहे, त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्या.

रंग, लोगो, स्लाइडर यांचा विषय आज काढूच दिला नाही. आधी किल्ल्यांची वही केली: कुठलं खातं कुणाच्या नावावर, कुठल्या ईमेलवर, ओटीपी कुणाच्या मोबाइलवर. निघालं ते असं. डोमेन (साइटचं नाव) आधीच्या डिझायनरच्या खात्यात. होस्टिंगही (साइटच्या फाइली ठेवायची भाड्याची जागा) त्याच्याच खात्यात, ३ इतर गिऱ्हाइकांबरोबर एकाच जागेत. गुगल बिझनेस प्रोफाइल पुतण्याच्या जीमेलवर. पेट्यांवर छापलेला व्हॉट्सॲप नंबर पूर्वी कामाला असलेल्या मुलाच्या नावच्या सिमवर. म्हणजे दुकान यांचं आणि कुलपं तीन जणांची. पहिले दोन आठवडे याच कामाला द्यायचे.

८ जानेवारी

डोमेनची मुदत १९ फेब्रुवारीला संपते. डॉट कॉमची मुदत गेल्यावर रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत असू शकते, पण साइट आणि मेल बहुधा त्याआधीच बंद पडतात. मग ३० दिवसांचा सोडवणूक काळ, त्यात दंडासकट पैसे. मग ५ दिवस, आणि नाव बाजारात मोकळं. यांच्या बाबतीत हे सगळं ऐन सीझनमध्ये आलं असतं.

दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेताना क्रम महत्त्वाचा. मालकाचं नाव आधी बदललं तर ६० दिवसांचं कुलूप लागतं आणि त्या काळात डोमेन हलवता येत नाही. काही रजिस्ट्रार हे कुलूप नाकारायची सोय देतात, ती नाव बदलायच्या आधीच निवडावी लागते. इथे सरळ रस्ता घेतला: आधी हस्तांतर, मग नाव.

डिझायनरला लेखी मागणी केली ती दोनच गोष्टींची, डोमेनचं लॉक काढा आणि हस्तांतराचा कोड पाठवा. "साइट आमच्या ताब्यात द्या" असं मोघम लिहिलं की महिनाभर नुसती उत्तरं येतात, काम होत नाही.

१३ जानेवारी

कोड आला. लगेच वापरला नाही. आत्ताचं डीएनएस (डोमेनची साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर ते सांगणारी यादी) जुन्या रजिस्ट्रारच्याच सर्व्हरवर आहे. डोमेन गेलं की ते लोक नोंदी पुसू शकतात. साइट बंद पडली तर दिसते तरी. एमएक्स नोंद, म्हणजे मेल कुठे द्यायची ते सांगणारी, गेली तर मेल गुपचूप हरवते आणि चार दिवसांनी कुणीतरी म्हणतं, "तुम्ही उत्तरच देत नाही."

म्हणून सगळ्या नोंदी उतरवून घेतल्या: ए आणि सीनेम (साइटच्या सर्व्हरच्या), एमएक्स ५, टीएक्सटी (नुसत्या मजकुराच्या) ३. त्या नव्या डीएनएसवर जशाच्या तशा भरल्या, नेमसर्व्हर बदलले, एक दिवस मेलची ये-जा तपासायची आणि मगच हस्तांतर सुरू करायचं. टीटीएल, म्हणजे इतरांनी नोंद किती सेकंद धरून ठेवायची तो आकडा, १४४०० होता, तो ३०० केला. हे बदलाच्या आधी किमान जुन्या टीटीएलएवढा वेळ करावं लागतं, इथे ४ तास. ऐन वेळी कमी करून उपयोग नाही, लोकांच्या इंटरनेट कंपन्यांनी जुना आकडा आधीच धरून ठेवलेला असतो.

२० जानेवारी

हस्तांतर पूर्ण. जुन्या रजिस्ट्रारला हरकतीसाठी ५ दिवस मिळतात, ते सगळे घेतले गेले. हस्तांतरात १ वर्ष वाढून मिळालं. लगेच आणखी ४ वर्षांचे पैसे भरले. कारण ऑटो-रिन्यूवर भरवसा नाही: ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आवर्ती पेमेंटला रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ई-मँडेट (पैसे आपोआप कापायची आगाऊ परवानगी) लागतं, आणि परदेशी रजिस्ट्रारकडे ते पुष्कळदा नोंदलेलंच नसतं. कार्ड नाकारलं जातं, सूचनेचं मेल स्पॅममध्ये बसतं.

नोंदणीचं नाव मालकांच्या फर्मचं. खात्याचा ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा ठेवला नाही. डोमेन बंद पडलं तर ते सोडवायचा ओटीपी त्याच बंद मेलवर जाईल.

२२ जानेवारी

नव्या होस्टिंगवर प्रत उतरवली, पीएचपी ८.२. साइट उघडली ती कोरी पांढरी. डीबग लॉग (चुकांची नोंद) चालू केल्यावर दोषी सापडला: २०१९ नंतर अपडेट न झालेला स्लाइडर. प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं की वर्डप्रेस तो आपोआप बंद करतं. ॲडमिनमध्ये शिरता येत नसेल तेव्हा हीच युक्ती. ३१ पैकी ९ प्लगइन ठेवले. बाकीचे नुसते बंद ठेवले नाहीत, पुसले. बंद प्लगइनची फाइलसुद्धा सर्व्हरवर असते आणि तिच्यातलं भोक उघडंच राहतं.

डेटाबेसची टेबलं अक्षरं साठवायच्या जुन्या पद्धतीवर, यूटीएफ८ वर होती. त्यात एका अक्षराला ३ बाइटच मावतात. देवनागरी मावते, इमोजीला ४ लागतात. पत्त्याखाली कुणी हात जोडल्याची खूण टाकली की तिथून पुढचा मजकूर कापला जातो नाहीतर ऑर्डरच नोंदली जात नाही. यूटीएफ८एमबी४ केलं.

साइटची वेळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होती. आपल्याकडचे रात्रीचे १२ म्हणजे साइटचे संध्याकाळचे साडेसहा. वेळेच्या यादीतून कोलकाता निवडलं. नोंदणी बंद व्हायची वेळ, कुपनाची मुदत, रोजचा हिशोब, सगळं याच्यावर चालतं.

२४ जानेवारी

मराठी मजकूर. दिवसभर हेच.

जुना मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला. छापखान्यात तो चालतो, साइटवर फॉन्ट काढला की कचरा. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला, पण कन्व्हर्टरच्या हाती सोडून देता येत नाही. हमखास तीन जागी चुकतं: पहिली वेलांटी जोडाक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते, रफार एक अक्षर आधी किंवा नंतर येतो, आणि ऱ्य-ऱ्ह बिघडतात. "दुसऱ्या दिवशी पोच"चं "दुसर्या दिवशी पोच" झालं होतं, १४ ठिकाणी. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साध्या र-हलन्तानंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखे, पण एडिटरमध्ये शोधून बदलायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा सुटतो. सगळीकडे नुक्त्याचा ऱ ठेवला.

थीम (साइटचा तयार साज) परदेशी. तिने मथळ्यांना अक्षरांमधलं अंतर वाढवून दिलेलं, रोमन लिपीत ते डौलदार दिसतं. देवनागरीत शिरोरेखा तुटते: "हापूस" असा न दिसता हा, पू, स असे तीन ठोकळे वेगवेगळे टांगल्यासारखे. अंतर शून्य केलं. ओळींची उंची १.३ होती, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडत होते. १.७ केली. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायची सजावट काढली, मराठीत तिचं काही धड होत नाही.

पानाची भाषा "हिंदी" लावलेली होती. आधीच्या माणसाला वाटलं असावं, लिपी एकच तर आहे. पण ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, त्यात ते पानाची भाषा मराठी असेल तरच उमटतात. शिवाय आंधळ्या वाचकांसाठी पान मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर हिंदी उच्चार करतं. भाषा मराठी केली, फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, दोनच वजनं (अक्षरांच्या जाड्या), ४०० आणि ७००. देवनागरी फॉन्टची फाइल जोडाक्षरांमुळे जाड असते. पाच वजनं घेतली की फॉन्टच फोटोंइतका भार टाकतात.

पानांचे पत्ते रोमन अक्षरांत ठेवले. देवनागरी पत्ता चालतो, पण आत साठवताना एका अक्षराचे ९ वर्ण होतात आणि वर्डप्रेस २०० वर्णांवर पत्ता कापतं. म्हणजे साधारण २२ अक्षरं, तीही काना-मात्रा धरून. शिवाय व्हॉट्सॲपवर तो पत्ता टक्क्यांच्या चिन्हांची माळ होऊन जातो आणि लोकांना फसवणुकीची लिंक वाटते.

२९ जानेवारी

फोटो. मोबाइलवरचे, ४००० × ३००० पिक्सेल, प्रत्येकी ४ ते ५ एमबी. १६०० पिक्सेल रुंद केले, वेबपी (फोटोचा हलका फाइल-प्रकार), गुणवत्ता ७८. बहुतेक १२० ते १८० केबीत आले. हापूसचा केशरी रंग ७० च्या खाली मातकट दिसायला लागतो, म्हणून जास्त दाबले नाहीत. प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहिली. नाहीतर फोटो उतरला की मजकूर खाली उडी मारतो आणि "मागवा"वर ठेवलेलं बोट भलत्याच ठिकाणी पडतं. आळशी लोडिंग (वाचणारा तिथवर आला की मगच फोटो उतरवणं) सगळ्या फोटोंना, पण सर्वात वरच्या मोठ्या फोटोला नाही. त्यालाही लावलेलं असतं आणि मग मुख्य चित्र उशिरा का येतं म्हणून होस्टिंगला शिव्या बसतात.

मुखपृष्ठ ११ एमबीवरून ९०० केबीच्या आत. स्वस्त अँड्रॉइड फोनवर मुख्य चित्र २.१ सेकंदांत. गुगलचा "चांगलं" शेरा २.५ सेकंदांपर्यंत मिळतो.

३ फेब्रुवारी

माल नोंदवला. पेटी हा एक माल आणि वजन हा प्रकार: २०० ते २२५ ग्रॅम, २२५ ते २५०, २५० ते ३००. "मोठा, मध्यम, लहान" लिहायचं नाही, भांडण तिथूनच लागतं. फळ आढीतून निघताना किती पिकलेलं असेल, पोचल्यावर किती दिवस ठेवायचं, फ्रीजमध्ये कधी ठेवायचं नाही, हे मालाच्या पानावरच.

पोचेची तारीख मागायची नाही, आठवडा मागायचा. झाडावरचं फळ कॅलेंडर बघत नाही; अवकाळी पाऊस आला तर तोडणी पुढे जाते. तारखेच्या ऐवजी "१४ ते २० एप्रिल" असे खण केले, प्रत्येक खणाला स्वतःचा साठा. बागेच्या अंदाजाच्या ६० टक्केच पेट्या साइटवर. उरलेल्या फोनवरच्या जुन्या गिऱ्हाइकांसाठी, त्यांना साइटवर ढकलायचा हट्ट नको.

भौगोलिक मानांकनाचं चिन्ह पानावर हवं होतं. हापूसचं मानांकन २०१८ मध्ये झालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या ५ जिल्ह्यांसाठी. पण बाग जिल्ह्यात आहे एवढ्यावर चिन्ह वापरता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत चिन्हाची जागा मोकळी.

७ फेब्रुवारी

पोचेचे विभाग पिनकोडवर. मुंबई ४००००१ ते ४००१०४ असा पल्ला, ठाणे-नवी मुंबईला ४००६ आणि ४००७ ने सुरू होणारे, पनवेल-खारघर वेगळे (४१०२०६, ४१०२१०), पुणे ४११. यादीत नसलेला पिन टाकला की "इथे पोचवत नाही, फोन करा" आणि खाली नंबर. कोरी चूक दाखवायची नाही.

१२ फेब्रुवारी

पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेऊन खात्यात टाकणाऱ्या सेवेचा) अर्ज परत आला. कारण ठरलेलं: साइटवर परतावा, पोच, गोपनीयता, अटी ही पानं नव्हती. ही पानं तयार नमुन्यातून उचलली की परताव्यात "माल ३० दिवसांत परत पाठवा" असं येतं, आणि आंबा ३० दिवसांनी परत येऊन चालत नाही. लिहिलं ते असं: खराब फळाचा फोटो पोच झाल्यापासून २४ तासांत, पेटीवरच्या चिठ्ठीसकट, त्या फळांपुरते पैसे परत, पेटी परत पाठवायची नाही.

त्याच बैठकीत प्रत्येक पानाच्या तळाचा मजकूर पूर्ण केला: फर्मचं कायदेशीर नाव, पत्ता, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ आकडी क्रमांक, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पावती ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. आमरस-आगळाच्या पानावर निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचा पत्ता. हे नुसतं बाटलीच्या लेबलवर असून भागत नाही, जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन पानावरही दाखवावं लागतं.

१८ फेब्रुवारी

गेटवे चालू. या करारात कार्डाला २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. ४,००० रुपयांच्या पेटीमागे ८० अधिक १४.४०, खात्यात ३,९०५.६०. हिशोब ठेवणाऱ्या वहिनींना हा आकडा आधीच लिहून दिला, नाहीतर रोजमेळ जुळत नाही म्हणून रोज फोन.

चाचणीत लगेच एक गोष्ट निघाली. पैसे गेले, ऑर्डर "पेमेंट बाकी". गिऱ्हाईक साइटवरून यूपीआय ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, हिरवी खूण दिसते आणि तिथेच थांबतो. ब्राउझरकडे परत येतच नाही. साइटला पैसे कळायचा मार्ग "परत आल्यावर सांगतो" एवढाच असेल तर ती ऑर्डर लटकते. म्हणून वेबहुक: गेटवेचा सर्व्हर परस्पर आपल्या सर्व्हरला निरोप देतो, गिऱ्हाईक कुठेही असो.

वेबहुक लावलेला होता तरी निरोप पोचत नव्हता. गेटवेच्या लॉगमध्ये प्रत्येक निरोपासमोर ४०३, म्हणजे "प्रवेश नाही". सुरक्षा प्लगइन अनोळखी सर्व्हरने पाठवलेली माहिती (पोस्ट विनंती) अडवत होता.

१९ फेब्रुवारी

दुरुस्ती. वेबहुकच्या पत्त्याला प्लगइनमध्ये मोकळीक, पण त्याबरोबर निरोप गेटवेचाच आहे हे दाखवणाऱ्या डिजिटल सहीची तपासणी सक्तीची. नाहीतर कुणीही "पैसे आले" असा खोटा निरोप पाठवू शकतो. तोच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून पेमेंट क्रमांक आधी नोंदलेला असेल तर काही करायचं नाही. हे नसेल तर एका पेटीचा साठा दोनदा कमी होतो. कार्ट, चेकआउट आणि खात्याची पानं कॅशमधून (सगळ्यांना दाखवायला साठवलेल्या तयार प्रतींमधून) वगळली. चेकआउट कॅश झालं तर एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसतो. या चुकीला माफी नाही.

१० रुपयांचा एक लपवलेला माल तयार करून खरे पैसे १२ वेळा भरले. त्यातले ५ वेळा पिन टाकल्या टाकल्या ब्राउझर मारला, २ वेळा फोन विमान मोडवर. सगळ्या १२ ऑर्डरी मिनिटभरात "पैसे मिळाले" झाल्या.

भिंतीवर चिकटवायची सूचना छापली: पैसे आले की नाही ते गेटवेच्या यादीत बघायचं. गिऱ्हाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट पुरावा नाही.

२४ फेब्रुवारी

मेल. संपर्क फॉर्मचे निरोप स्पॅममध्ये. फॉर्म "पाठवणारा" म्हणून गिऱ्हाइकाचाच जीमेल पत्ता लावत होता. आपला सर्व्हर जीमेलच्या नावाने पत्र टाकतोय, ते अडणारच. पाठवणारा आपल्या डोमेनचा केला, "उत्तर द्या"च्या जागी गिऱ्हाइकाचा पत्ता.

एसपीएफच्या (आपल्या डोमेनच्या नावाने मेल कुणी पाठवायची ते सांगणाऱ्या) दोन नोंदी होत्या, एक मेलवाल्याची आणि एक जुन्या होस्टिंगची. दोन असल्या की दोन्ही रद्दबातल. एकात एक केल्या. त्या नोंदीतून होणारे डीएनएसचे शोध १० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. डीकेआयएमची (मेलवरची डिजिटल सही तपासायची) किल्ली २०४८ बिटांची, ती २५५ वर्णांच्या एका तुकड्यात मावत नाही, दोन अवतरणांत तोडून टाकावी लागली. डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ती सूचना) सध्या "नुसतं बघा". एसएमएस या वर्षी नाही: त्याला डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची यंत्रणा) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि प्रत्येक मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो, एवढा वेळ उरलेला नाही.

३ मार्च

पेट्या छपाईला जाणार, क्यूआर हवा. मागच्या वर्षीच्या ३०० पेट्या उरल्यात, त्यांच्यावरचा क्यूआर गुगल बिझनेस प्रोफाइलच्या फुकट साइटवर जातो. ती सेवा गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली आणि पुढे पाठवणंही १० जून २०२४ ला थांबवलं. म्हणजे पेटी उघडून कौतुकाने स्कॅन करणाऱ्याला "पान सापडलं नाही". त्या पेट्यांवर चिकटपट्टी.

नव्या क्यूआरमध्ये स्वतःच्या डोमेनचा छोटा पत्ता. तो पुढे कुठे जायचा ते साइटवर केव्हाही बदलता येतं. फुकटच्या "बदलता क्यूआर" सेवा घ्यायच्या नाहीत, चाचणीची मुदत संपली की छापलेला माल वाया.

पत्ता २७ वर्णांचा. लहान अक्षरांत, २५ टक्के दुरुस्तीच्या पातळीला (साधारण पाव भाग खराब झाला तरी वाचता येईल अशी) २९ × २९ घरं लागतात. तोच पत्ता मोठ्या रोमन अक्षरांत दिला की २५ × २५ मध्ये बसतो, कारण क्यूआरमध्ये मोठी अक्षरं आणि आकडे दाटीने साठवायची वेगळी सोय आहे. डोमेनला लहान-मोठं अक्षर सारखंच. डोमेननंतरच्या तुकड्याला नाही, म्हणून त्याची मोठ्या अक्षरातली वाट साइटवर वेगळी नोंदवली. भोवती ४ घरांची पांढरी जागा धरून ३३ घरं, ४ सेंटीमीटरमध्ये एक घर १.२ मिलिमीटर. कोरुगेटेड पुठ्ठ्यावर शाई पसरते, घर १ मिलिमीटरच्या खाली नेलं की गडबड. काळ्यावर पांढरा उलटा क्यूआर छपाईवाल्याने सुचवला, नाकारला. बरेच फोन तो वाचत नाहीत.

६ मार्च

व्हॉट्सॲप नवीन सिमवर, मालकांच्या नावाने. साइटवरच्या लिंकमध्ये ९१ आणि पुढे १० आकडे, मध्ये अधिक नाही, शून्य नाही, जागा नाही. जुन्या लिंकमध्ये सुरुवातीला शून्य होतं, ती वर्षभर कुणासाठीच उघडलेली नाही.

गुगल प्रोफाइलची मालकी पुतण्याकडून घेतली. नावात "रत्नागिरी हापूस बेस्ट होलसेल" घालायचा मोह होतो. पाटीवर जे नाव आहे तेच. वाढीव शब्दांनी प्रोफाइल निलंबित होतं आणि सोडवायला आठवडे जातात.

११ मार्च, मंगळवार

आज रात्री बदल. १३ ला होळी. शिमग्यात पालखी दारात असताना कुणी ओटीपी सांगायला फोन उचलणार नाही, म्हणून त्याआधी. ए नोंद नव्या सर्व्हरवर, ११.४०. साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र (एचटीटीपीएसचं) ११.५२ ला मिळालं (९० दिवसांचं, आपोआप नव्याने घेणं तपासलं). जुन्या २३ पत्त्यांना ३०१ ने (कायमचं वळवून) नवे पत्ते. जुनी साइट महिनाभर तशीच ठेवली.

१२ मार्च

गुगलच्या सर्च कन्सोलने सांगितलं: पान शोधातून वगळलेलं. चाचणीच्या प्रतीवर "सर्च इंजिनांनी येऊ नये" ही खूण केलेली होती, ती प्रतीबरोबर आली. काढली. ही चूक होते हे माहीत असतं, यादीत लिहिलेलीही असते, तरी होते. यादीत तिसऱ्या ओळीवरून पहिल्या ओळीवर आणली.

२२ मार्च

गोठवलं. प्लगइनचे आपोआप होणारे अपडेट बंद, फक्त वर्डप्रेसचे स्वतःचे सुरक्षेचे चालू. बॅकअप रोज रात्री २ ला, एक प्रत होस्टिंगबाहेर.

३० मार्च

पाडवा. काही बिघडलं नाही.

८ एप्रिल

पुण्याच्या वाघोलीचं गिऱ्हाईक: "पुण्यात पोचवता म्हणता, पिन घेत नाही." पिन ४१२२०७. शहर पुण्याचं, पिन ४१२ चा. यादी करताना ४११ वरच थांबलो होतो. सगळा ४१२ उघडायचा नाही, त्यात तालुक्याची गावं येतात आणि टेंपो तिकडे जात नाही. टेंपोवाल्याकडून त्याचा मार्ग घेतला, त्यातले ४ पिन वाढवले. हे फेब्रुवारीतच त्याला विचारायला हवं होतं.

२६ एप्रिल

अक्षय्य तृतीया ३० ला. साइट म्हणते २५० ते ३०० ग्रॅमच्या पेट्या संपल्या, बागेत १९ शिल्लक. पैसे न भरता सोडलेल्या ऑर्डरींनी साठा अडवून ठेवलेला. ६० मिनिटांनी तो सुटायला हवा, पण ते काम वर्डप्रेसच्या स्वतःच्या क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं उरकणाऱ्या सोयीवर) चालतं आणि तो क्रॉन कुणी साइटवर आलं तरच जागा होतो. पानं कॅशमधून जात असली की गर्दीतही तो झोपलेला. होस्टिंगच्या पॅनेलवरून खरा क्रॉन दर ५ मिनिटांनी लावला, वर्डप्रेसचा बंद केला. १९ पैकी १७ पेट्या अर्ध्या तासात परत विक्रीला. उरलेल्या २ फोनवर विकल्या होत्या, वहीत होत्या, साइटवर कमी करायच्या राहिलेल्या.

पिनची यादी सोडली तर गोठवण्याचा नियम मोडला तो एवढ्या एका बदलासाठी, तोही रात्री ११ नंतर, बॅकअप घेऊन.

९ जून

सीझन संपला. पेटीचं पान पुसलं नाही. "पुढच्या वर्षीसाठी कळवा" असा नंबर-फॉर्म लावून तोच पत्ता ठेवला. दरवर्षी नवं पान केलं की शोधातली वर्षभराची कमाई शून्यावर येते.

८ जूनचा बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर उतरवून पाहिला. डेटाबेस पूर्ण, पण फोटोंचं फोल्डर ४ मे पासून बॅकअपमध्ये नव्हतं: बाहेरच्या प्रतीची जागा भरली होती आणि सूचनेचं मेल जुन्या होस्टिंगच्या पत्त्यावर जात होतं. जागा वाढवली, मेलचा पत्ता बदलला, परत उतरवून पाहिलं, पूर्ण आलं. ४१ मिनिटं लागली.

किल्ल्यांच्या वहीत आज भरलेल्या ओळी: डोमेन, फेब्रुवारी २०३०. होस्टिंग, जानेवारी २०२६. एफएसएसएआय परवाना, मुदत प्रमाणपत्रावरून उतरवली. व्हॉट्सॲपचं सिम, दर ८४ दिवसांनी रिचार्ज, कारण बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. वहीची एक प्रत मालकांच्या कपाटात, एक वहिनींकडे.